निरगुडीचं कुंपण आणि दारूचा परवाना

पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला की वाचायला मला बोलावतात. गावात शिकलेली माणसं नाहीत असं नव्हे. पोरी बारावी झाल्यात, एक तर नर्स झाली. पण सकाळी दहाच्या सुमाराला ती सगळी मुरबाडला नाहीतर कल्याणला गेलेली असतात, आणि गावात उरतो आम्ही. आमच्यात वाचणारी मी एकटी. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते, पुष्कळ वर्षं झाली. माझ्या चुलीत आणि पहिलीच्या वर्गात भिंत एकच. आत बाई अ म्हणायच्या, बाहेर मी डाळ निवडता निवडता अ म्हणायचे. अशी मी शिकले. जोडाक्षरं अजून अडतात, पण अडली म्हणून मी सोडून देत नाही. भातात माजलेलं गवत उपटावं तशी एकेक धरून उपटते.

तर त्या दिवशीचा कागद म्हणजे जोडाक्षरांचा नुसता भारा होता. बोट ठेवून ठेवून वाचला. शहापूर तालुक्यातल्या एका देशी दारूच्या दुकानाचा परवाना आमच्या गावात हलवायचा आहे, दुकान नाक्यावरच्या गाळ्यात उघडायचं आहे, तरी गावाची हरकत आहे की नाही ते ग्रामसभेनं ठराव करून कळवावं. ग्रामसेवकांनी बाहेर येऊन फोड करून सांगितलं. देशीचा नवा परवाना आता देत नाहीत म्हणे, जुनेच एका जागेवरून दुसरीकडं नेतात. या माणसाचं दुकान रस्ता रुंद करताना गेलं, आता तो जागा शोधतोय.

"म्हंजे दुकान घर बदलतंय," मागून एक म्हातारी म्हणाली, आणि आम्ही सगळ्या हसलो.

माझी धाकटी जाऊ हसली नाही. तिच्या हातात रेशनची पिशवी होती. तिनं एवढंच विचारलं, "नाक्यावरच्या कुठल्या गाळ्यात, ताई?"

नाक्यावर गाळा आहे एकच. तिला ते ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं, आणि मी सांगितल्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेऊन चालायला लागली.

आता तिचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीत शाळेला जायचा, पण आमच्यात दीर तो दीर, कितीही लहान असला तरी भाऊजी आणि तुमी. तर भाऊजी मुरबाडला कंपनीत पॅकिंगला आहेत. माणूस सोन्यासारखा, आणि पंधरा वर्षं दारूत बुडालेला. मी झाकून ठेवणार नाही, गावाला माहीत आहे. जाऊनं काय काय सोसलं ते तिचं ती जाणे. मग तीन वर्षांपूर्वी एकदा त्यांना रक्ताची उलटी झाली, सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथून आले ते दारू सोडूनच आले. सोडली म्हणजे कशी, तर रोज सकाळी उठून नव्यानं सोडायची. ते असं म्हणतात, मी नाही.

मुरबाडात दुकानं काय कमी आहेत? पण तिथं शिफ्ट सुटली की धसईची बस पकडायची धावपळ, आणि जाऊचा भाऊ त्याच कंपनीत, तो त्यांना बसमध्ये बसवून देतो. आमच्या नाक्यावर उतरले की मात्र भाऊजी एकटे. थकलेला माणूस, उतरला, आणि समोर गाळा. आजवर त्या गाळ्याचं शटर बंद होतं. ते उघडलं आणि आत देशी असली तर काय, हाच एक प्रश्न त्या दिवसापासून जाऊच्या घरात जेवायला बसायचा. बाकी गावाला शाळा, पोरी, भांडणं अशी कारणं होती, आणि ती खरीच होती. तिला कारण एक.

आता कुंपणाचं.

आमच्या शाळेला सिमेंटची भिंत आहे. मोठं फाटक पाड्याच्या अंगाला, आणि नाक्याच्या अंगाला एक लहान फाटक होतं. त्या लहान फाटकाचं दार कधीच मोडलं होतं, नुसती फट. मी शाळेत परसबाग करते, खिचडीत घालायला. भोपळा, वाल, शेवगा, चार मिरच्या. आणि नाक्यावरच्या सगळ्या शेळ्या त्या फटीतून आत. शेळी दिसायला गरीब, पण भोपळ्याचा वेल असा सोलते की दांडासुद्धा ठेवत नाही. मी गुरुजींच्या मागं लागले, पंचायतीच्या मागं लागले, दार काही येईना.

भाऊजी तेव्हा नुकते दवाखान्यातून आले होते. कामावर जायची ताकद नव्हती, हात कापत होते, घरात बसवत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताला काम द्या. मी म्हटलं, "भाऊजी, माझी ती फट बुजवा." त्यांनी ओढ्यावरून निरगुडीच्या काड्या आणल्या. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही, वास उग्र. काडी रोवायची, पाणी द्यायचं, फुटते. कापत्या हातांनी त्यांनी त्या फटीत काड्या रोवल्या आणि दोन महिने सकाळ-संध्याकाळ कळशीनं पाणी घातलं. काड्यांना पानं फुटली तसतसे त्यांचे हात थांबत गेले. मी रोज चुलीपाशी बसून बघितलंय ते. तीन वर्षांत ते कुंपण माणसाच्या डोक्याएवढं झालं. शेळ्या बंद झाल्या. पोरांना तेवढा मोठ्या फाटकानं वळसा पडायला लागला, पण पोरांना काय, ती पळतच येतात.

आता गंमत ऐका. गंमत कसली, माझं कर्म.

कागद लागल्यावर आम्ही बायका ग्रामसेवकांकडं गेलो. परवाना द्यायच्या आधी काय काय बघतात ते विचारलं. मला वाटायचं, परवाना म्हणजे कुठल्यातरी साहेबानं टेबलावर शिक्का मारायचा. तसं नसतं. अर्ज कलेक्टर ऑफिसात जातो, मग दारूबंदीची माणसं येऊन जागा बघतात. दारूबंदी आम्ही म्हणतो, खरं नाव राज्य उत्पादन शुल्क. जागेचा नकाशा बघतात, पोलिसांचं मत घेतात, गावाचा ठराव बघतात. आणि शाळेपासून, देवळापासून अंतर मोजतात. ठरलेल्या अंतराच्या आत दुकान असेल तर परवाना नाही.

"मग झालंच की!" मी म्हटलं. "गाळ्यापासून शाळा हाकेवर हाय. हितनं शिंकलं तर तिथं ऐकू जातं."

ग्रामसेवक भला माणूस. म्हणाले, "आजी, आकाशातून मोजत नाहीत. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून शाळेच्या जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत, माणूस ज्या वाटेनं नेहमी चालतो त्या वाटेनं मोजतात."

 जवळचं फाटक मीच बुजवलं होतं. मोठ्या फाटकानं मोजलं तर पुऱ्या भिंतीला वळसा घालून जावं लागणार होतं. माझ्या चार भोपळ्यांपायी मी दारूच्या दुकानाला जागा करून दिली होती.

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी कोयता घेतला आणि निरगुडी तोडली. माणूस जाईल एवढी वाट केली. सोबत आणखी दोघी होत्या, फांद्या ओढून ओढ्यात टाकायला. मी चार वेळा त्या वाटेनं आत-बाहेर गेले, माती दबावी म्हणून. एक म्हणाली, "आता वाट जुनी दिसते का गो?" दुसरी म्हणाली, "तुझ्या तोंडाइतकी जुनी नाय, पण चालंल."

दुसऱ्या दिवशी जीप आली. उतरली ती खाकीतली बाई, माझ्या मुलीच्या वयाची, दुय्यम निरीक्षक. बरोबर एक शिपाई. अर्जदार त्याच्या गाडीतून आला. बोलायला मऊ माणूस, सगळ्यांना नमस्कार. गाळ्याची मालकीण आली. ती आणि मी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. तिच्या मुलानं गाळा बांधला आणि तो आता तिकडं वसईला असतो, गाळा दोन वर्षं बंद, त्यात उंदीर नांदतात. तिलाही वाटणारच की तो उघडावा. तिनं मॅडमना शहाळं दिलं.

"पाणी चालेल," मॅडम म्हणाल्या. "साधं."

तिथंच मला ती बाई आवडली, आणि तिथंच मला धडकी भरली.

त्यांनी काम केलं ते मी बघत राहिले. मी भात लावलाय, भिंती लिंपल्यात, शंभर पोरांचं रोज शिजवलंय, मला काम कळतं. त्यांनी गाळ्याच्या दाराची रुंदी मोजली, निम्मी केली, उंबऱ्यावर खडूनं रेघ मारली. रेघ जराशी कललेली वाटली तर पुसून परत मारली. अर्जदाराला विचारलं, "दार हेच राहणार ना? उद्या दुसऱ्या बाजूनं काढाल तर परवाना तिथंच थांबेल." तो म्हणाला हेच. मग वळून आमच्याकडं बघितलं, "टेपचं टोक कोण धरतं? शिपाई लिहून घेईल. गावातला कुणीतरी धरा, म्हणजे नंतर कुणाला शंका नको."

आणि गर्दीतून पुढं आले ते भाऊजी. त्या दिवशी त्यांना कंपनीची सुट्टी होती, ते मला ठाऊकच नव्हतं. जाऊ माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझं मनगट धरलं.

मॅडमना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी खडूच्या रेघेवर टेपचं टोक भाऊजींच्या अंगठ्याखाली दिलं. ज्या माणसानं त्या दारात पाय ठेवू नये म्हणून आमचा जीव टांगणीला होता, तोच त्या दारात गुडघा टेकून टेप धरून बसला.

आधी लहान फाटक. टेप सरळ गेली, कमी भरली, खूपच कमी. आमच्यातल्या दोघी हसल्यासुद्धा. अर्जदाराचं तोंड पडलं. मॅडम त्या वाटेत उभ्या राहिल्या. मी तोडलेल्या खुंटांवर सकाळचं ऊन पडलं होतं, आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. त्यांनी वाकून एक पान उचललं, बोटात चुरडलं, वास घेतला.

"ही वाट रोजची आहे?"

"रोजची! रोजची!" आम्ही सहा-सात जणी एकदम. माझा आवाज सगळ्यांत मोठा.

"पोरं इथूनच जातात?"

"हितनंच! दुसरं कुठनं जातील?"

मॅडम त्या पांढऱ्या खुंटांकडं बघत राहिल्या. आणि मागून, गाळ्याच्या दारातून, भाऊजी उठून उभे राहिले. टेपचं टोक अंगठ्याखालून सुटलं आणि सर्रकन गुंडाळत गेलं.

"नाय मॅडम," ते म्हणाले. "ती वाट बंद हाय. तीन वर्सं झाली. मीच बंद केली, निरगुडी लावून. काल कुणीतरी तोडली."

कुणीतरी म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

 जाऊनं माझं मनगट सोडलं. एक बाई दात-ओठ खाऊन म्हणाली, "अरे, कुणाच्या बाजूनं हायस रे तू?" भाऊजींनी मान खाली घातली आणि पुन्हा गाळ्याच्या दारात जाऊन बसले, टोक परत द्या म्हणून हात पुढं करून.

मग मोठ्या फाटकानं मोजलं. भिंतीला वळसा घालून, पोरं जातात त्या पायवाटेनं. नियमापेक्षा माझी अकरा पावलं जास्त भरलं. मी म्हटलं परत मोजा. मॅडमनी परत मोजलं. मी म्हटलं, मघाशी टेप ढिली होती. त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं, टेप मला बघायला लावून. कपाळावर आठी नाही. तिसऱ्यांदाही तेवढंच. मी तरीही म्हटलं, "अहो, पण हितं एसटी थांबते, थांब्याचं काय?" त्या म्हणाल्या, "नियमात बसस्थानक आहे, आजी. नुसत्या थांब्याला ते धरता येत नाही. मला धरता आलं असतं तर लिहिलं असतं."

मग पंचनामा. शिपायानं लिहिला, मॅडमनी मोठ्यानं वाचला, सह्या करायला सांगितलं. मी म्हटलं, मी वाचल्याशिवाय सही करत नाही. अर्जदार घड्याळ बघायला लागला. मॅडमनी कागद माझ्या हातात दिला, स्वतः जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या आणि शिपायाला म्हणाल्या, "आजींचं होऊ दे." मी अर्धा-पाऊण तास घेतला असेल. एकदाही कुणाला मध्ये बोलू दिलं नाही त्यांनी. त्यात एक वाक्य होतं: सदर लहान फाटक सुमारे तीन वर्षांपासून बंद असून अलीकडेच कुंपण तोडल्याचे दिसून येते. कुणी तोडलं, ते नव्हतं. मी त्या वाक्यापाशी थांबले, वर बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मी सही केली.

जाता जाता त्या म्हणाल्या, "आजी, टेपचं काम टेपनं केलं. गावाचं काम अजून व्हायचंय. अंतर बसलं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. ठराव तुमच्या हातात आहे. मोठ्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा असते, तिला या. पुरेशा संख्येनं या, नाहीतर सभा तहकूब होते. आणि कोयता आणू नका."

त्या संध्याकाळी भाऊजी माझ्या पडवीत आले. मी तांदूळ पाखडत होते. जाऊ त्यांच्याशी बोलत नव्हती. मला वाटलं, आता ते मला बोलतील, त्यांची निरगुडी तोडली म्हणून. ते जोत्यावर बसले.

"वहिनी, मॅडमनी शाळेपर्यंत मोजलं. मी दुसरं मोजलंय."

"काय?"

"बसच्या पायरीपासून त्या दारापर्यंत. सतरा पावलं. कागद लागला त्या दिवसापासून रोज मोजतोय. कधी सोळा भरतात, घाईत असलो तर."

मी सूप खाली ठेवलं. "मग कशाला बोललात तुमी? गप बसला असतात तर काम झालं होतं."

त्यांनी हाताच्या तळव्याकडं बघितलं. म्हणाले, "काय करू वहिनी. तोंडातनं निघून गेलं." आणि मग उठता उठता, "ती निरगुडी फुटंल पुन्हा. मुळं हायत."

तीन दिवस जाऊनं त्यांना ताट वाढलं ते न बोलता. मी सतरा पावलांचं सांगून मध्ये पडायला गेले तर मलाच म्हणाली, "तुमी तोडली ती तोडली, निदान नीट तरी तोडायची. एवढा भात कापलात जल्मभर."

महिला ग्रामसभेला मी घरोघर गेले. धसईच्या बाजाराचा दिवस होता, तरी भाजी विकायला जाणाऱ्या बायका दुपारपर्यंत परत आल्या. पाड्यावरच्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या. शाळेच्या वर्गात बसलो सगळ्या, पहिलीच्या. मॅडम कोपऱ्यात खुर्चीवर, ठरावाची नक्कल न्यायला आलेल्या. ग्रामसेवकांनी डोकी मोजली, संख्या भरली.

चर्चा झाली म्हणजे गोंगाट झाला. पोरींची वाट, बसची वेळ, मागं एकदा लग्नात झालेली मारामारी. गाळ्याची मालकीण उठली. तिचंही मी सांगते, कारण ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "तुमी सगळ्या बोलता. माझा गाळा बंद पडलाय तेव्हा कोण आली होती विचारायला? पिणारा धसईला जाऊन पितो, टोकावड्याला जाऊन पितो. हितं बंद ठेवून कुणाची सुटली? परवान्याचं दुकान हाय, चोरीचं नाय. हातभट्टीपेक्षा बरं."  त्यात खरं होतं.

तेव्हा जाऊ उठली. ती सभेत कधी बोलत नाही. तिच्या लग्नातसुद्धा नाव घ्यायला तिला तीनदा कोपरानं डिवचावं लागलं होतं. पदर खोचून उभी राहिली, आणि खिडकीबाहेर बघत बोलली, त्या तोडलेल्या निरगुडीकडं.

"माझा नवरा दारू पीत व्हता. सगळ्यांना म्हाईत हाय, मी कशाला लपवू. तो पीत व्हता तवा मारण्यापेक्षा मला त्याच्या खोटं बोलण्याचा वीट यायचा. कुठं व्हतात, तर कंपनीत. काय खाल्लंत, तर काय नाय. शपथ घेऊन खोटं. पंधरा वर्सं मी एक खरं वाक्य ऐकलं नाय. परवा मॅडमनी इचारलं, वाट रोजची हाय का. आमी सगळ्या खोटं बोललो. मी बी. आणि त्याला तर खोटं बोलायचं सगळ्यात मोठं कारण. दुकान त्याच्या वाटेत येणार, त्याचाच जीव जाणार. तरी तो उठून खरं बोलला." तिनं पदर पुन्हा खोचला. "मी तीन दिस त्याच्याशी बोलले नाय. रागानं नाय. काय बोलू ते कळना. तो माणूस तीन वर्सांत असा झालाय, तो मला ठेवायचा हाय. बसच्या पायरीपासून सतरा पावलांवर मी त्याला रोज नाय उभा करणार. धसईला जाऊन पितील त्यांना पिऊ दे. माझ्यापुरतं मी हात वर करते."

आणि तिनं तिथंच हात वर केला. मतदान अजून सुरूही झालं नव्हतं.

ग्रामसेवक म्हणाले, "ताई, थांबा, आधी ठराव वाचतो." ती म्हणाली, "वाचा तुमी. माझा हात वरच हाय." ठराव वाचून होईपर्यंत तो हात वरच. मग नाहरकत द्यायची नाही यासाठी हात मागितले, तर ग्रामसेवकांना मोजायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. दुकान यावं म्हणून वर झालेले हात एका पंजाच्या बोटांवर मावले. गाळ्याच्या मालकिणीचा हात कशालाच वर झाला नाही. ती मांडीवर हात ठेवून बसून होती. मला त्या हातांचा मान वाटला, खरं सांगते.

मॅडमनी ठरावाची नक्कल घेतली, प्रत्येक पानावर शिक्का आहे का बघितलं. एका पानावर शिक्का पुसट होता, तो परत मारायला लावला. म्हणाल्या, "पुसट शिक्क्यावर कुणी बोट ठेवायला नको." दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या ग्रामसभेत पुरुषांनी तोच ठराव कायम केला. एक-दोघं कुरकुरले, पण त्यांच्या बायका दारातच उभ्या होत्या. काही महिन्यांनी कळलं, अर्ज नामंजूर झाला. अर्जदारानं दुसरीकडं कुठं तरी जागा बघितली म्हणे. त्याचाही परवाना होता, पोट होतं, मी त्याला शिव्या दिल्या नाहीत.

निरगुडी फुटली, भाऊजी म्हणाले तशी. पण या वेळी मी त्यांना मध्ये जागा ठेवायला सांगितली आणि पंचायतीकडून लोखंडी फाटक मिळवलं, कडीचं. पोरांचा वळसा वाचला. शेळ्यांना कडी उघडता येत नाही अजून. आणि उद्या कुणी पुन्हा टेप घेऊन आलं तर ती लहान फाटकानंच जाईल, ती वाट आता खरोखर रोजची आहे.

गाळा बरेच दिवस बंदच होता. मालकीण मला बघून तोंड फिरवायची. मग गेल्या पावसाच्या आधी तिच्या भाच्यानं तिथं बी-बियाणं आणि खतांचं दुकान टाकलं. ती स्वतः गल्ल्यावर बसते. माझ्याशी बोलते आता, म्हणजे टोमणे मारते. "ये गो वाचणारे, पाकिटावरचं वाचून घे, नाय तर म्हणशील फसवलं." मी खरंच वाचते.

मृगाच्या तोंडावर एकदा मी आणि जाऊ नाक्यावर बसची वाट बघत होतो. मुरबाडहून येणारी आली, भाऊजी उतरले. त्यांना आम्ही दिसलो नाही. पायरीवरून उतरले आणि चालायला लागले, ओठ हलत होते. मला कळलं, मोजत होते. सवय. गाळ्याच्या दारात थांबले, आणि आत गेले.

जाऊनं माझं मनगट धरलं, त्या दिवसासारखंच. आत काय विकतात ते तिला माहीत होतं, तरी धरलं.

भाऊजी बाहेर आले. हातात वालाच्या बियांचं पाकीट. आम्हाला बघून दचकले.

"गेलात शेवटी आत?" जाऊ म्हणाली.

"वहिनींच्या बागेला वाल पायजे व्हता," ते म्हणाले. मग तिच्याकडं बघून हसले. "आज अठरा भरली."

"म्हातारे झालात," ती म्हणाली. "पावलं लहान पडतात." आणि त्यांच्या हातातलं पाकीट घेऊन माझ्या पिशवीत टाकलं.